डॉ. जेम्स नेस्मिथ : हरलेला प्रशिक्षक, सर्वांचा गुरू



संध्याकाळी खेळाच्या तासाची शिट्टी झाली की आपल्या आनेकलच्या मैदानावर सर्वांत आधी गर्दी होते ती बास्केटबॉलच्या खांबांखाली. बन्नेरघट्ट्याच्या बाजूने ढग भरून आले, सिमेंटवर पहिले थेंब पडले, तरी शेवटची एक बास्केट टाकल्याशिवाय कोणी हलत नाही. सुट्टीच्या दिवशी भेटायला आलेले आई-बाबाही कठड्याशी उभे राहून हा खेळ कौतुकाने पाहतात. पण हा खेळ कोणी काढला, हे विचारले तर फार थोडे हात वर होतात. आणि तो काढणारा माणूस प्रशिक्षक म्हणून कसा होता, हे विचारले तर बहुधा एकही नाही.

आज एखाद्या व्यावसायिक संघाच्या मागे माणसांची मोठी फौज असते. अगदी दुय्यम दर्जाच्या लीगमधला संघ घेतला, तरी एक मुख्य प्रशिक्षक, त्याचे दोन-तीन साहाय्यक, शरीर कमावून घेणारा, दुखापती पाहणारा आणि सामन्यांच्या चित्रफिती पाहून टिपणे काढणारा असा मोठा प्रशिक्षकवर्ग लागतो. बास्केटबॉलच्या जन्मदात्याजवळ यांपैकी कोणीही नव्हते. व्यायामशिक्षक तेच, डॉक्टर तेच, धर्मगुरू तेच आणि कधी कधी सामन्याचे पंचही तेच. आणि गंमत अशी, की ज्या विद्यापीठाने बास्केटबॉलमध्ये पुढे जगभर नाव कमावले, त्याच्या जुन्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले प्रशिक्षकही एकटे तेच. त्यांचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ झाला. आई-वडील स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबांतले. जेम्स नऊ वर्षांचा असताना विषमज्वराच्या साथीत थोड्याच दिवसांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही गेले. जेम्स, त्याची बहीण अ‍ॅनी आणि धाकटा भाऊ यांना आजोळच्या माणसांनी सांभाळले. पुढे घराचा सारा भार पीटर यंग या मामावर आला. मामा शेतकरी, धार्मिक आणि शिस्तीचा कडक. कामात सवलत नाही, पण कामाचा विश्वास मात्र पुरा.

या मामाची एक गोष्ट नेस्मिथांच्या चरित्रात सांगितली जाते. हिवाळ्यात पोरगा घोडे घेऊन गोठलेली नदी ओलांडत होता. बर्फ फुटला आणि घोडे पाण्यात गेले. जेम्सने एकट्याने धडपड करून त्यांना बाहेर काढले. दमून वर पाहतो तर मामा झाडांच्या आड उभा! तो सारा वेळ पाहत होता, पण मदतीला आला नव्हता. आज आपल्याला हे कठोर वाटेल. पण नेस्मिथांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले की वाटते, मैदानाबाहेर शांत उभे राहून शिष्याला स्वतःच्या बळावर वाट काढू देण्याची त्यांची रीत त्या नदीकाठीच रुजली असावी.

शाळेत जेम्सचे मन लागेना. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली आणि जंगलात लाकूडतोडीच्या कामाला लागला. काही वर्षे कुऱ्हाड चालवल्यावर त्याला उमगले, की अंगात बळ आहे पण पुढे वाट नाही. मग वयाने लहान असलेल्या मुलांच्या शेजारी पुन्हा बाकावर बसण्याची लाज त्याने सोडली आणि शालेय शिक्षण पुरे केले. वर्ष बुडालेल्या किंवा मागे पडलेल्या छात्रांनी एवढा भाग पुन्हा एकदा वाचावा.

मग मॉन्ट्रियलचे मॅकगिल विद्यापीठ. घरच्यांची इच्छा होती की त्याने धर्मगुरू व्हावे, आणि त्याचीही तयारी होती. पण तिथे खेळाने त्याला धरले. जिम्नॅस्टिक्स, लॅक्रोस, रग्बी, फुटबॉल, एकही खेळ त्याने सोडला नाही. बी.ए. झाल्यावर १८९० साली त्याने धर्मशास्त्राचा अभ्यासक्रमही पुरा केला आणि त्याच काळात मॅकगिलमध्ये व्यायाम शिकवण्याचे कामही केले. त्या काळी धार्मिक लोकांना मैदानावरचा खेळ म्हणजे वेळेची नासाडी वाटे. नेस्मिथांच्या मनात मात्र वेगळाच विचार येऊ लागला. एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून शिवी गेली आणि लगेच, नेस्मिथ शेजारी उभे आहेत हे पाहून, तो ओशाळला. वास्तविक नेस्मिथांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की तरुणांवर संस्कार करायला व्यासपीठच लागते असे नाही, मैदानही पुरते. ही वाट धरली म्हणून बहीण अ‍ॅनी मात्र त्यांच्यावर कायमची नाराज राहिली.

१८९० मध्ये ते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात आले. इथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवले जात. फुटबॉलच्या संघात त्यांचे गुरू होते अमॉस अलोन्झो स्टॅग. त्या खेळात कान आणि डोके सोलवटून निघे, म्हणून नेस्मिथांनी डोक्याला बांधायचे एक संरक्षक आवरणही तयार केले होते. अडचण दिसली की तक्रार न करता त्यावर काही तरी घडवून काढायचे, ही त्यांची सवय.

१८९१ च्या हिवाळ्यात खरी परीक्षा आली. बाहेर बर्फ, मैदाने बंद. व्यायामशाळेत फक्त कवायत आणि जिम्नॅस्टिक्स. अठरा जणांचा एक वर्ग या कंटाळवाण्या तासांना इतका विटला होता, की आधीच्या दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात घातला आणि दोन आठवड्यांत घरात खेळता येईल असा नवा खेळ काढायला सांगितले. मुदत संपायला आली, तरी काही जमेना. फुटबॉल आत खेळवून पाहिला, तर हातपाय मोडायची वेळ आली. लॅक्रोस खेळवला, तर काठ्या एकमेकांना लागू लागल्या. उद्या वर्गापुढे काय घेऊन जायचे, हा प्रश्न घेऊन नेस्मिथ आपल्या खोलीत बसले.

इथे त्यांनी जो विचार केला, तो प्रत्येक छात्राने नीट समजून घ्यावा, कारण डावपेच असेच आखले जातात. आधी त्यांनी सर्व खेळांत समान काय आहे ते शोधले : चेंडू. चेंडू लहान असला तर त्याला बॅट किंवा काठी लागते आणि काठीने इजा होते. म्हणून चेंडू मोठा आणि मऊ हवा. मग प्रश्न, रग्बीत धसमुसळेपणा का होतो? कारण खेळाडू चेंडू घेऊन पळतो आणि त्याला अडवायला पाडावे लागते. पळूच दिले नाही, तर पाडायचे कारणच उरत नाही. शेवटचा प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असेल तर चेंडू जोरात मारला जाणार. तो डोक्याच्या वर आणि आडवा ठेवला, तर जोर उपयोगी पडणार नाही. चेंडू हळुवार, कमानीत टाकावा लागेल.

ही कमान त्यांना सुचली ती लहानपणीच्या एका खेळातून. आल्मोंटकडची मुले मोठ्या धोंड्यावर एक छोटा दगड ठेवत आणि लांबून दगड मारून तो पाडत. आपल्या लगोरीची आठवण यावी असाच खेळ. त्यात रागाने सरळ दगड भिरकावणाऱ्याचा दगड लांब जाऊन पडे आणि तो आणायला धावताना तो पकडला जाई. बेताने, उंच कमानीत टाकणारा जिंकत असे. धोंड्यावरचा तो धडा वीस वर्षांनी व्यायामशाळेत कामाला आला.

२१ डिसेंबर १८९१. नेस्मिथांनी शाळेच्या रखवालदाराकडे दोन चौकोनी खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती. पीच या फळाच्या दोन टोपल्या होत्या. त्या व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला दोन बाजूंना ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली. आज जगातल्या प्रत्येक मैदानावर रिंग दहा फुटांवर असते, ती त्या सज्ज्यामुळे! तेरा नियम टंकलिखित करून सूचनाफलकावर लावले. फुटबॉलचा चेंडू घेतला. अठरा जणांचे नऊ-नऊचे दोन संघ केले.

नियम साधे होते. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला टाकावा, पण मूठ मारू नये. चेंडू घेऊन पळू नये. जिथे झेलला तिथूनच टाकावा. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय अडकवणे, मारणे मना. पहिल्यांदा केले तर फाऊल; दुसऱ्यांदा केले तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले, तर समोरच्याला एक गोल बहाल. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. म्हणजे खेळ जन्मला तोच शिस्तीच्या पोटी. अंगाची रग दाबून टाकण्यापेक्षा तिला वळण कसे द्यावे, हे त्या तेरा नियमांत आहे.

त्या दिवशी पूर्ण सामन्यात एकच गोल झाला. विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने तो लांबून केला. टोपलीला तळ असल्यामुळे चेंडू वरून काढावा लागला. पण घंटा वाजल्यावरही मुले मैदान सोडीनात. या वर्गातल्या वांडांचा म्होरक्या फ्रँक महान. नव्या खेळाचा प्रयत्न म्हटल्यावर त्याने आधी नाक मुरडले होते. त्यानेच फलकावरचा नियमांचा कागद आठवण म्हणून गुपचूप काढून नेला आणि पुढे स्वतः होऊन शिक्षकांना परत दिला. खेळाला नेस्मिथांचेच नाव द्यावे, असेही त्याने सुचवले. नेस्मिथांनी ते हसण्यावारी नेले; अशा नावाने खेळ मरेल, असे त्यांना वाटले. मग महाननेच टोपली आणि चेंडू यांवरून बास्केट बॉल हे नाव सुचवले, आणि ते मान्य झाले. नियम १५ जानेवारी १८९२ रोजी विद्यालयाच्या नियतकालिकात छापून आले आणि वायएमसीएच्या शाखांमधून खेळ देशोदेशी निघाला. त्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना तो शिकवायला घेतला. स्प्रिंगफील्डमधल्या पहिल्या महिला खेळाडूंपैकी मॉड शर्मन हिच्याशी नेस्मिथांचे १८९४ मध्ये लग्न झाले. त्यांना पाच मुले झाली.

एखाद्याने एवढ्यावर आयुष्यभर मिरवले असते. नेस्मिथांनी या खेळाचे हक्क घेतले नाहीत, की त्यातून पैसा कमावला नाही. ते पुढचे शिक्षण घ्यायला निघाले. १८९५ मध्ये डेन्व्हरला जाऊन दिवसा वायएमसीएत व्यायाम शिकवायचा आणि त्याच जोडीने वैद्यकीय अभ्यास करायचा, असे कष्ट करून १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. माणसाचे शरीर शिकवायचे, तर ते आतून माहीत हवे, एवढ्यासाठी ही पदवी. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाने त्यांना लॉरेन्स गावी बोलावले. काम दुहेरी : प्रार्थनागृह सांभाळणे आणि व्यायाम शिकवणे. पुढची सुमारे चाळीस वर्षे तेच गाव त्यांचे घर झाले.

तिथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी झाला आणि खेळाच्या जन्मदात्याचा संघ ५ विरुद्ध १६ गुणांनी हरला. १९०७ पर्यंत ते या संघाचे प्रशिक्षक होते. ५५ सामने जिंकले, ६० हरले. पण प्रशिक्षक म्हणजे आजच्यासारखे रेषेबाहेर येरझाऱ्या घालणारे नव्हेत. अनेकदा संघ परगावी जाई आणि नेस्मिथ विद्यापीठातच राहत. कधी सामन्याला गेलेच, तर तटस्थ म्हणून शिट्टी त्यांच्याच हाती दिली जाई. त्यांचा जीव जिंकण्यात अडकलेला नव्हता. विद्यार्थ्यांची छाती, दंड, उंची मोजून नोंदवहीत लिहायची आणि दुबळ्याला कोणता व्यायाम द्यावा हे ठरवायचे, यात ते रमत. कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्स यांना ते शरीरासाठी बास्केटबॉलपेक्षा अधिक उपयुक्त मानत. स्वतः तर ते हा खेळ उभ्या आयुष्यात दोनच वेळा खेळले, असे सांगतात.

त्यांच्या संघातला फॉरेस्ट अ‍ॅलन हा मुलगा मात्र वेगळ्या मातीचा होता. त्याला प्रशिक्षक व्हायचे होते. नेस्मिथांनी त्याला समजावले, की हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो. अ‍ॅलनने गुरूचे ऐकले नाही. चेंडू द्यायचा कसा, रक्षण करायचे कसे, पाय टाकायचा कसा, हे सारे कवायतीसारखे घोटून घेता येते, यावर त्याचा विश्वास होता. १९०७ मध्ये गुरूच्या जागी तोच प्रशिक्षक झाला. दोन वर्षांनी तो गेला, १९१९ मध्ये परतला आणि १९५६ पर्यंत राहिला. कॅन्ससला त्याने ५९० सामने जिंकून दिले. बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९२७ मध्ये उभी राहिली, तीही त्याच्याच पुढाकाराने. त्याच्या हाताखाली अ‍ॅडॉल्फ रप तयार झाला, ज्याने केंटकी विद्यापीठाला ८७६ विजय दिले. आणि डीन स्मिथ तयार झाला, ज्याने नॉर्थ कॅरोलिनाला ८७९.

गुरू-शिष्यांचे हे मतभेद कधी वैरापर्यंत गेले नाहीत. एकाच गावात दोघे राहिले. खेळातून माणूस घडावा, एवढे नेस्मिथांना पुरे होते. खेळातून विजय घडवता येतो, हे अ‍ॅलनने दाखवून दिले. खरे कोण? प्रशिक्षकाची नोकरी गुणफलकावर ठरते, त्यामुळे जग अ‍ॅलनच्या बाजूने उभे राहिले. पण शिष्याने आपले म्हणणे खोटे पाडले, तरी ज्याला त्याचा विषाद वाटत नाही, तो गुरूही काही लहान नव्हे.

आता आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल असा भाग. १९१६ मध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीवर तणाव वाढला आणि अमेरिकेने राज्याराज्यांतले राखीव सैन्य तिकडे पाठवले. कॅन्ससच्या पहिल्या रेजिमेंटबरोबर धर्मगुरू म्हणून नेस्मिथ गेले. आपल्या सैन्यात पलटणीबरोबर पंडितजी, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री असतात, तसेच हे काम. वय ५४. छावणीत रिकामा वेळ आणि घरापासून दूर असलेले तरुण एकत्र आले की काय होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तिथे खेळ सुरू केले आणि शिस्तीला हातभार लावला. पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात, ते वायएमसीएच्या वतीने फ्रान्सला गेले आणि १९१९ पर्यंत सैनिकांचे आरोग्य, वर्तन आणि मनोबल यांसाठी राबले. पन्नाशी उलटलेला, पाच मुलांचा बाप दीड वर्षाहून अधिक काळ घर सोडून राहिला. मागे मॉड यांनी एकटीने संसार ओढला. सैनिकी घरातल्या आयांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. त्याला प्रशिक्षक व्हायचे होते. पण वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती. पोहण्याच्या तलावातही उतरू देत नसत. वडिलांनी सांगितल्याप्रमाणे तो थेट नेस्मिथांकडे गेला आणि आपण माझे मार्गदर्शक आहात असे त्याने सांगून टाकले. हे कोणी ठरवले, असे विचारल्यावर त्याने वडिलांचे नाव घेतले. वडिलांचे म्हणणे खरेच असते, असे म्हणून म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्याला ठेवून घेतले. संघात त्याला घेणे त्यांच्या हाती नव्हते. पण वर्गात, व्यायामशाळेत आणि घरी जे होते, ते सारे त्यांनी त्याला दिले. तलावाच्या प्रश्नावरही ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला.

मॅक्लेंडन पुढे मोठा प्रशिक्षक झाला. पूर्ण मैदानभर दबाव आणणारा, वेगवान खेळ त्याने घडवला. टेनेसीतील आपल्या महाविद्यालयाला १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. १९६१ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग नावाची नवी, छोटी व्यावसायिक लीग निघाली. तिच्यातल्या क्लीव्हलँड पायपर्स संघाचा मुख्य प्रशिक्षक मॅक्लेंडन होता. अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघाचे प्रशिक्षकपद भूषवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी तो एक. लीगकडे पैसा नव्हता, फार प्रेक्षक नव्हते. खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी वाद झाला, तेव्हा त्याने खेळाडूंची बाजू घेतली आणि हंगामाच्या मध्यावर पद सोडले. लीगही १९६२ च्या अखेरीस बंद पडली. ज्या शिष्याला विद्यापीठाने एक मिनिटही आपल्या संघातून खेळू दिले नाही, त्याने खुर्चीपेक्षा आपल्या खेळाडूंना मोठे मानले. नेस्मिथ हे पाहायला हयात नव्हते. पण ही शिकवण कोणाची, हे वेगळे सांगायला नको.

नेस्मिथांच्या आयुष्यातला मोठा आनंदाचा दिवस १९३६ मध्ये आला. अ‍ॅलनने वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीमुळे बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला. पण जन्मदात्याकडे तिथे जायला पैसे नव्हते. मंदीच्या काळात कर्जापायी राहते घरही हातचे गेले होते. तेव्हा प्रशिक्षकांच्या संघटनेने देशभरच्या सामन्यांत तिकिटामागे एक-एक सेंट जमा केला आणि त्यातून पंचाहत्तरीला आलेल्या नेस्मिथांना बर्लिनला पाठवले. ज्यांच्या पेशाची गरजच त्यांना फारशी पटली नव्हती, त्या प्रशिक्षकांनीच हे ऋण फेडले. बर्लिनला वीसहून अधिक देशांचे संघ पाहून त्यांचे डोळे भरून आले.

त्या स्पर्धेतल्या अमेरिकी संघाचा प्रशिक्षकवर्ग केवढा होता? दोघांचा. मुख्य प्रशिक्षक जिमी नीडल्स आणि साहाय्यक जीन जॉन्सन. नीडल्स एका चित्रपट कंपनीच्या संघाचे, तर जॉन्सन कॅन्ससमधल्या मॅकफर्सनच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या संघाचे. त्या दोन संघांतलेच बहुतेक खेळाडू. १४ ऑगस्टचा अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, टप्पे देता येईनात. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. नेस्मिथांनी जिथे जन्म घेतला तो देश दुसरा आणि १९२५ मध्ये ज्याचे नागरिकत्व घेतले तो पहिला. विजेत्यांचा गौरव त्यांच्याच हातून झाला.

आपल्यासाठी त्या बर्लिनची आणखी एक खूण आहे. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, सैन्यात असलेल्या ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने हॉकीत जर्मनीला ८–१ ने धूळ चारली. आणि त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. टोपलीतल्या चेंडूचा जन्मदाता आणि वऱ्हाडच्या आखाड्यातली पोरे एकाच वेळी एकाच शहरात होती!

पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, मॉड गेल्या आणि नेस्मिथही विद्यापीठातून निवृत्त झाले. १९३९ च्या जूनमध्ये त्यांनी फ्लॉरेन्स किनकेड यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला, मेंदूतील रक्तस्रावाने, लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. वय ७८. बास्केटबॉलच्या जन्मकथेवरचे त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले. स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल सन्मान दालनाला आज त्यांचेच नाव आहे. फ्रँक महानने उचलून परत दिलेला तो नियमांचा कागद २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला विकला गेला आणि कॅन्सस विद्यापीठात आला. नेस्मिथांनी त्या खेळातून जन्मभरात जे कमावले नाही, ते त्या दोन पानांनी एका दिवसात कमावले.

खेळ आपल्याकडेही लवकरच पोहोचला. पहिल्या सामन्यातल्या खेळाडूंपैकी डंकन पॅटन याने १८९४ मध्ये तो भारतात आणला, अशी नोंद खेळाच्या इतिहासात आढळते. पुढे स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, आणि त्यातून शिकून निघालेले शिक्षक देशभर पांगले. १९५० मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला. लष्करातले खुशीराम यांना १९६७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये आपला पुरुष संघ मॉस्को ऑलिंपिकला गेला. आणि इथून तासा-दीड तासावरच्या बेंगळुरूच्या कंठीरवा क्रीडागारात २०१७ मध्ये आपल्या मुलींनी आशियाई चषकाच्या दुसऱ्या गटाचे अजिंक्यपद जिंकले, ते तर तुमच्यापैकी काहींच्या घरच्यांनी गॅलरीत बसून पाहिलेही असेल.

या साऱ्या साखळीची पहिली कडी म्हणजे ५५ जिंकून ६० हरलेला एक प्रशिक्षक. पुढच्या आंतरशालेय स्पर्धेत आपण जिंकू किंवा हरू; फलकावर आकडे लागतील आणि पुसलेही जातील. आपले प्रशिक्षक रेषेबाहेर गप्प उभे दिसले, तर ते पाहत नाहीत असे समजू नका. घोडे बर्फातून बाहेर येतात की नाही, हे ते पाहत असतात. आणि वेळ आली तर पाण्यात उडी मारायला ते मामापेक्षा चार पावले जवळच उभे असतात.